ओळखीची खूण

सरकारी नोकरीत ३६ वर्षे काढलेला माणूस काहीही लिहावयास बसला की कागदाच्या माथ्यावर प्रथम 'विषय' आणि 'संदर्भ' लिहितो. आमचाही हात परवा त्याच वळणाने गेला. विषयासमोर 'दारू' हा शब्द लिहून झाला. संदर्भासमोर काय लिहावे हे मात्र ठरेना. खरे सांगावयाचे तर तो संदर्भ आमच्या ध्यानी येण्यासच १३ वर्षे लागली, आणि ज्याच्या बाबतीत तो ध्यानी यावयास हवा होता त्याची ऐन उमेदीची वर्षे तेवढ्यात निघून गेली.

त्याला आपण बाळ म्हणू. वाड्यात सगळे त्याला तेच म्हणत. हे लिहिण्यास त्याची संमती आहे. "नाव तेवढे नको, काका," एवढीच त्याची अट. दांडिया बाजारातील आमच्या जुन्या वाड्यात तो समोरच्या बिऱ्हाडी वाढला. त्याचे आणि आमचे, दोघांचेही पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत कोकणातून बडोद्यास आले आणि तेव्हापासून दोन्ही घरांतले एक ना एक माणूस सरकारी कचेरीत आहे. त्यामुळे बाळ पदवीधर झाल्यावर वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याला आमच्यापुढे आणून उभे केले यात नवल नव्हते. १९९८ मध्ये तो महसूल खात्यात कारकून म्हणून लागला. अक्षर मोत्यासारखे, बोलणे मोजके, रजेचा अर्ज क्वचितच. घरी तो आम्हांस काका म्हणे, कचेरीत साहेब. आणि हा भेद तो आमच्याहून अधिक काटेकोरपणे पाळी.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आम्ही येथे ध्वजवंदनास उभे होतो. बडोद्यातही जमीन हलली, लोक धावले, पण घटकाभराने सगळे पुन्हा रांगेत उभे राहिले. कच्छमध्ये काय झाले हे दुपारपर्यंत कळू लागले. भचाऊ, अंजार, रापर आणि भूज या गावांची वाताहत झाली. राज्यात १३ हजारांहून अधिक माणसे गेली. अंजारला प्रजासत्ताकदिनाच्या फेरीस निघालेली शाळकरी मुले अरुंद गल्लीत दुतर्फा घरे कोसळून गाडली गेली, हे अनेक वाचकांना आठवत असेल. त्यांचे स्मारक तेथे २०२२ मध्ये झाले.

इतर जिल्ह्यांतून कर्मचारी पाठविण्याचे आदेश निघाले. आम्ही त्या वेळी नायब मामलतदार होतो. बरोबर तिघे कारकून घ्यावयाचे होते. त्यांत आम्ही बाळचे नाव स्वतः लिहिले, कारण त्याचे अक्षर चांगले होते. सुरजबारीच्या पुलास हानी पोहोचल्याने वाहनांच्या रांगा लागल्या होत्या. भचाऊस पोहोचलो तेव्हा गावात उभी भिंत शोधावी लागत होती. ढिगारे उपसण्याचे काम आमचे नव्हते. आमचे काम नोंदीचे. एक तंबू, एक लोखंडी टेबल, एक कंदील आणि एक रजिस्टर.

त्या रजिस्टरात रकाने होते : अनुक्रमांक, नाव, वय, लिंग, कोठे मिळाले, ओळखीची खूण. नाव कळले की शेवटच्या रकान्याचे काम नसे. न कळले तर सगळी भिस्त त्याच्यावर. बाळ तंबूबाहेर जाई, पाही, परत येऊन लिही. हिरवी ओढणी. उजव्या मनगटावर गोंदण. पायात चांदीचे कडे. आणि मुलांच्या बाबतीत पुनःपुन्हा एकच नोंद : खिशाला कागदी झेंडा. तो दिवसच २६ जानेवारीचा. सगळ्यांच्याच खिशाला टाचणीने झेंडा लावलेला. ओळख पटविण्यासाठी ठेवलेला रकाना आणि सगळ्यांची खूण एकच. २२ दिवस हे चालले. प्रत्येक पानाखाली आमची सही आहे.

तेथील वासाविषयी लिहिणार नव्हतो, पण पुढील मजकुराशी त्याचा संबंध आहे. तिसऱ्या दिवशी आमच्या जीपच्या ड्रायव्हरने तळहातावर चुना-तंबाखू मळून आमच्यापुढे धरली आणि म्हणाला, साहेब, ही तोंडात असली की वास कमी लागतो. तोवर आमच्या घराण्यात कोणी सुपारीपलीकडे गेले नव्हते. आम्ही चिमूट उचलली. बाळने नको म्हटले.

परत आल्यावर खात्याने आम्हांस एकच प्रश्न विचारला : प्रवासभत्त्याचे बिल अद्याप का सादर केले नाही? यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. भूकंपग्रस्तांना मानसिक आधार देण्याची काही कामे त्या काळात झालीही; पण रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनास कोणी भूकंपग्रस्त समजत नसे. आम्हीही समजत नव्हतो. आमचे घर उभे होते, माणसे शाबूत होती. कोणत्या तोंडाने ग्रस्त म्हणवून घ्यावयाचे?

बाळचे पिणे केव्हा सुरू झाले ते आम्हांस नक्की सांगता येणार नाही. अन्य राज्यांतील वाचकांना गुजरातेतील पिण्याची कल्पना येणे कठीण. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा गुजरात वेगळे झाल्यावरही येथे चालू राहिला. त्यामुळे येथे दारू पिणे हे व्यसन होण्यापूर्वीच गुन्हा असते. ज्याला वैद्यकीय प्रमाणपत्राच्या आधारे परवाना मिळतो तो बाटलीतली पितो. बाकीचे नदीकाठच्या वस्त्यांतून प्लॅस्टिकच्या पिशवीतली देशी घेतात. तिला येथे पोटली म्हणतात. पिणारा एकटा पितो, घाईने पितो आणि कोणासही सांगत नाही. डॉक्टरलासुद्धा नाही, कारण डॉक्टरच्या कागदावर एकदा ते आले की पुढे कोठे जाईल याचा नेम नाही. असा माणूस दवाखान्यात जाऊन झोप येत नाही एवढेच सांगतो, झोपेच्या गोळ्या घेऊन येतो आणि त्या पोटलीबरोबर घेतो. दारू आणि झोपेची गोळी एकत्र आली तर श्वास मंदावून माणूस झोपेतच जाऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, कारण त्यानेही अर्धीच गोष्ट सांगितलेली असते.

२६ जानेवारी २००३. आम्हांस नुकतीच मामलतदारपदी बढती मिळाली होती आणि बाळ आमच्याच कचेरीत होता. ध्वजवंदनास तो उशिरा आला. पाय लटपटत होते, डोळे लाल. शाळेच्या मुलांची रांग समोर उभी होती. तो त्या मुलांकडे पाहत राहिला आणि मटकन खाली बसला. सबंध आवारात वास पसरला. आम्ही त्याच दुपारी अहवाल लिहिला : सदर कर्मचारी राष्ट्रीय सणाच्या प्रसंगी मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत आढळून आला असून त्याचे वर्तन शिस्तभंगास पात्र आहे. आमचे गुजराती मसुदालेखन खात्यात वाखाणले जाई. हाही मसुदा निर्दोष होता. तारीखसुद्धा त्यात अचूक होती, आणि ती लिहिताना आमच्या मनात काहीही आले नाही. भचाऊस त्याच्या शेजारी २२ दिवस बसलेला माणूस तो अहवाल लिहीत होता.

बाळ निलंबित झाला. वहिनी आमच्याकडे आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. "भाऊजी, घरातलं घरात मिटलं नसतं का?" एवढेच त्या म्हणाल्या. आम्ही त्यांना नियम समजावून सांगितले. बाटलीला कलम होते. बाळ रात्री दोन वाजता उठून अंगणात का बसतो, याला कलम नव्हते. ते वहिनींनी आम्हांस त्या दिवशी सांगितलेही होते. आम्ही ऐकले नाही, एवढेच.

उपचार झाले नाहीत असे मात्र नाही. २००४ मध्ये आम्हीच पुढाकार घेऊन त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. व्यसनमुक्ती म्हटले की आपल्या मराठी घरांत पुण्याच्या मुक्तांगणचे नाव निघते. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केले आणि व्यसनी माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची रीत महाराष्ट्रास घालून दिली. आम्ही निवडलेले केंद्र त्या जातीचे नव्हते. बाहेरून कुलूप, सकाळी प्रार्थना, दिवसभर उपदेश. दारू एका दिवसात बंद केली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू अशी एकाएकी तोडली तर फेफरे येऊ शकते, वातभ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्यासाठी काही दिवस औषधे देऊन, लक्ष ठेवून ती उतरवावी लागते. हे आम्ही पुढे शिकलो. बाळ सुदैवाने त्यातून निभावला. पण दारू सुटल्यावर स्वप्ने दुप्पट वेगाने आली. त्याने तेथील समुपदेशकास भचाऊचे सांगण्याचा प्रयत्न केला तेव्हा उत्तर मिळाले, जुन्या गोष्टी उगाळणे हा पिण्याचा बहाणा आहे. आधी दारू सोड. तीन महिन्यांनी तो वजन वाढवून घरी आला. सगळ्यांनी पेढे खाल्ले. पाचव्या आठवड्यात तो पुन्हा प्याला.

मग एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. तेथील डॉक्टर विद्वान होते. त्यांनी अर्ध्या तासात आजाराचे नाव सांगितले. परंतु उपचाराचे विचारता म्हणाले, पिणाऱ्या माणसावर हे उपचार करता येत नाहीत. सहा महिने कोरडे राहून दाखवा, मग या.

महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसास हे चित्र चांगले परिचयाचे असते. एखादी जमीन वनखात्याची की महसूलची हे ठरत नसले की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवितात. प्रथम त्यांची ना-हरकत आणा, मग आमच्याकडे या. फाईल वर्षानुवर्षे दोन इमारतींच्या मधल्या रस्त्यावर फिरत राहते. व्यसनमुक्तीवाले म्हणत, मनाचे नंतर पाहू. मनाचे डॉक्टर म्हणत, आधी व्यसन. बाळ त्या मधल्या रस्त्यावर दहा वर्षे होता. अशा शेकडो फाईली आम्ही परत पाठविल्या आहेत, त्यामुळे त्या डॉक्टरांवर रागावण्याचा आम्हांस कितपत अधिकार आहे हा प्रश्नच आहे.

या दहा वर्षांचे फारसे सांगण्यासारखे नाही. दोन वेतनवाढी रोखून त्याला कामावर परत घेतले. २००८ मध्ये सूनबाई मुलीला घेऊन इंदूरला माहेरी गेल्या. २००९ च्या जुलैत अहमदाबादेत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, तेव्हा वहिनी तीन रात्री दाराशी बसून होत्या. २०१२ मध्ये वहिनी गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडून काही वचन वगैरे घेतले नाही, नुसते पाहिले.

२०१४ च्या पावसाळ्यात आम्ही त्याला अहमदाबादेस एका डॉक्टरबाईंकडे नेले. हे नाव आम्हांस आमच्या मुलीने सुचविले होते. बाईंनी तासभर ऐकले. दारू किती, हे विचारले आणि लगेच म्हणाल्या की येथे सांगितलेले येथेच राहील. मग स्वप्ने कोणती, हे विचारले; आणि तिसरा प्रश्न असा केला जो तेरा वर्षांत कोणी केला नव्हता : स्वप्न आधी येते की पिणे आधी होते?

मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे एक वर्तुळ काढले. स्वप्नांच्या भीतीने माणूस झोपत नाही. झोप यावी म्हणून पितो. दारूने रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. पहाटे दारू उतरते तशी दबलेली स्वप्ने उसळून येतात. अंगाला घाम, हाताला कंप, छातीत धडधड. ही खरे तर दारू उतरण्याची लक्षणे. पण ढिगाऱ्याजवळ उभे असताना शरीराने जे अनुभवले ते नेमके असेच होते. शरीर समजते, धोका पुन्हा आला. आणि त्या धोक्यावर शरीराला ठाऊक असलेला उतारा एकच. बाई म्हणाल्या, याच्यात आधी आणि नंतर नाही. एकाच वेळी दोन्हीकडून हात घातल्याशिवाय हे चक्र थांबत नाही.

घरी आल्यावर आम्ही या विषयाचे जमेल तेवढे वाचले. निवृत्तीनंतर तर वेळ भरपूर मिळाला. आघातोत्तर तणावाच्या या विकारास अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये स्थान मिळाले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांची दशा हे त्यामागचे एक मोठे कारण. त्या सैनिकांची पाहणी १९९० मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा असे दिसले की हा विकार असलेल्या पुरुषांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांना आयुष्यात केव्हा ना केव्हा दारूच्या व्यसनाने गाठले होते. तरीही या सैनिकांसाठी दारूचे दवाखाने वेगळे आणि आघाताचे वेगळे, असेच पुष्कळ काळ चालले. व्यसनी माणूस पुष्कळदा मौजेसाठी नव्हे, तर असह्य यातनेवर स्वतःच शोधलेले औषध म्हणून पितो, हा विचार एडवर्ड खान्त्झियन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडला. लिसा नजाविट्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी दोन्हींवर एकत्र उपचार करण्याची एक पद्धत बसविली. तिचे पुस्तक २००२ मध्ये निघाले. तीत भूतकाळ न उकरता आज, या घटकेस सुरक्षित कसे राहावे हे प्रथम शिकवितात. दुसरी पद्धत अधिक धीट. तीत व्यसनाच्या उपचाराबरोबरच ती आठवण मुद्दाम, क्रमाक्रमाने, पुनःपुन्हा सांगावयास लावतात. आठवण उकरली की माणूस अधिक पिईल, ही जुनी भीती. सिडनी येथे कॅथरीन मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०३ रुग्णांवर हे पडताळून पाहिले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. एकत्र उपचार घेतलेल्यांची आघाताची लक्षणे अधिक कमी झाली, आणि त्यांचे व्यसन वाढले नाही. व्यसन कमी होण्यात मात्र नेहमीचा उपचार घेणाऱ्यांहून ते पुढे गेले असेही दिसले नाही. ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो, कारण चमत्काराची अपेक्षा ठेवून जाणारी माणसे लवकर परततात.

आणखी एक गोष्ट वाचली आणि चष्मा काढून ठेवावा लागला. २०१३ मध्ये त्या अधिकृत यादीची नवी आवृत्ती निघाली. तीत आघात कोणास झाला असे मानावे, याच्या व्याख्येत आपल्या कामामुळे मृतदेहांच्या अवशेषांशी वारंवार संबंध येणाऱ्या माणसांचाही समावेश केला आहे. बाळ त्या रकान्यात बसत होता. आम्हीही बसत होतो.

बाळला प्रथम दहा दिवस रुग्णालयात ठेवले. दारू औषधांच्या आधाराने, रोज मात्रा उतरवीत सोडविली. जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. घरी पाठविताना झोपेच्या गोळ्या दिल्या नाहीत. पिण्याची ओढ कमी करणारे एक औषध आणि मनाच्या अस्वस्थतेवर एक, एवढेच. त्यानंतर दर आठवड्यास एक बैठक, दीड तासाची. दर मंगळवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे अहमदाबादेस जाऊ लागलो. केसपेपरवर एक जागा असते, 'सोबतचा माणूस'. तेथे आमचे नाव असे. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचीत असू. आमची नोकरी अजून बाकी होती, पण इतकी वर्षे साठविलेली रजा अखेर कोणाच्या तरी उपयोगी पडली.

पहिले चार मंगळवार नुसते पाय जमिनीस टेकून बसणे, खोलीतील पाच वस्तूंची नावे घेणे, पिण्याची लाट आली तर ती किती मिनिटांत ओसरते याची वहीत नोंद करणे. नोंद करणे बाळला उत्तम येत होते. पाचव्या मंगळवारपासून भचाऊ सुरू झाले. डोळे मिटून, जणू आत्ताच घडत आहे असे सांगावयाचे. ते ध्वनिमुद्रित करावयाचे आणि घरी रोज ऐकावयाचे. पहिल्या दिवशी तो बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. वाटेत म्हणाला, "काका, आज गाडीतून उतरू देऊ नका मला." आम्ही आणंद येईपर्यंत त्याचा हात धरून बसलो. त्या रात्री तो प्याला नाही. पुढच्या आठवड्यात प्याला. बाईंना आम्ही ते चोरासारखे सांगितले, तर त्या म्हणाल्या, बैठक चुकवू नका, प्यायला तरी चुकवू नका. फक्त प्यालेला असताना बैठक होणार नाही, दुसऱ्या दिवशी होईल. आम्ही केवढे अहवाल लिहिले होते आयुष्यात! त्या एका वाक्याच्या तोडीचे त्यांत काही नव्हते.

आठव्या मंगळवारी बाळने आम्हांस आत बोलावून घेतले. सांगावयाचे ते आमच्यादेखत सांगावयाचे होते.

भचाऊस एक म्हातारा रोज तंबूशी येई. त्याचा नातू शाळेत झेंड्यासाठी गेला होता. मुलगा आठ वर्षांचा, खिशाला कागदी झेंडा. बाळ रजिस्टर उघडून पाही. अशा नोंदी किती तरी. चेहऱ्यांवरून ओळखणे राहिले नव्हते. पाचव्या दिवशी म्हातारा टेबलाशी बसून राहिला, उठेना. तेव्हा बाळने त्याला एका मुलाकडे नेले आणि म्हणाला, दादा, हाच तुमचा. म्हाताऱ्याने पाहिले, मान हलविली, शाल पांघरली. संध्याकाळी अग्नी दिला. बाळने रकान्यात नाव लिहिले आणि रजिस्टर आमच्यापुढे ठेवले. आम्ही सही केली.

"साहेब, मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. दवाखान्यात, घरी म्हणतो तसे काका न म्हणता, तो साहेब म्हणाला. "तो त्याचा होता की नाही, मला माहीत नव्हतं. दुसरा कोणी आपला मुलगा शोधत आला असेल, तर मी तो जाळून टाकला."

तेरा वर्षे त्याच्या स्वप्नात तो दुसरा कोणी येत होता. ढिगारे नव्हेत, प्रेते नव्हेत. तंबूच्या दाराशी उभा राहून तो विचारी, माझा कोठे आहे? आणि बाळ रजिस्टर उघडी तर सगळ्या रकान्यांत एकच खूण.

बाईंनी त्याला असे काही सांगितले नाही की तुझे बरोबर होते. त्यांनी विचारले, त्या दिवशी तुझ्या हाती आणखी काय होते? तो बराच वेळ गप्प होता. मग त्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही तेथील वरिष्ठ होतो. ओळख पटली असा पुरावा काय, हे विचारणे आमचे काम होते आणि आम्ही विचारले नव्हते. हे आम्ही मोठ्याने म्हणालो. त्याची जबाबदारी त्याने एकट्याने वाहावी असे रजिस्टरातही लिहिलेले नाही. खाली सही आमची आहे. बाळ आमच्याकडे पाहत राहिला. त्याला बरे वाटले की नाही हे त्या दिवशी कळले नाही. परतीच्या गाडीत तो झोपला, आणि त्याला दचकून उठताना आम्ही पाहिले नाही.

बारा बैठकांचे आधी ठरले होते, त्या अठरा झाल्या. पुढे २०१६ मध्ये एकदा आणि कोरोनाच्या काळात एकदा तो घसरला. दोन्ही वेळा स्वतःहून फोन करून गेला. स्वप्ने अजून पडतात, वर्षातून चार-पाच वेळा. सूनबाई इंदूरलाच आहेत. मुलगी आता नोकरीस लागली आहे. दिवाळीत बडोद्यास येते आणि बापाबरोबर खंडेराव मार्केटमध्ये भाजी आणावयास जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि मादक द्रव्यांशी निगडित मनोविकारांनाही मानसिक आजार म्हटले, हे आम्ही त्याला वाचून दाखविले. तो म्हणाला, "म्हणजे आता फाईल एकाच खात्याकडे आली."

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघे कच्छला जाऊन आलो. भुजियो डुंगरावरील स्मृतिवनात मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत. बाळ त्या वाचीत हळूहळू पुढे गेला. कोणाचे नाव शोधीत होता ते आम्ही विचारले नाही. आम्ही मागे राहिलो, खिशातून डबी काढली आणि तंबाखू मळू लागलो. तो परत आला तेव्हा आमच्या तळहाताकडे पाहत म्हणाला, "काका, ही भचाऊची ना?"

त्याला ड्रायव्हरची ती पहिली चिमूट आठवत होती. आम्हांस वाटत होते की ती आमची साधी सवय आहे. सरकारमान्य, निरुपद्रवी, कोणत्याही अहवालात न येणारी. चार-पाच वेळा सोडण्याचा प्रयत्न केला आहे. दर वेळी तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो वास येऊ लागतो. घरात कोणालाच येत नाही, आम्हांस येतो. सौ. म्हणते, नाकाच्या डॉक्टरांना दाखवा. दाखविले, नाक उत्तम आहे. गेल्या वर्षी गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तेव्हा दंतवैद्यांनी तंबाखू तत्काळ बंद करण्यास सांगितले. आम्ही हो म्हणालो. नऊ दिवस टिकलो.

हे बाळला सांगितले नव्हते. सौ.ने सांगितले. तो संध्याकाळी आला, चहा घेतला आणि फोन काढून त्याने अहमदाबादेस वेळ मागितली. पुढच्या मंगळवारी अकराची मिळाली आहे. केसपेपरवर 'सोबतचा माणूस' या जागी लिहिण्यासाठी त्याने स्वतःचे नाव सांगून ठेवले आहे.